एका रुळावरची गाडी

सुट्टीत मुलं मोबाईल सोडत नाहीत, ही घरोघरची तक्रार. मग त्याच मोबाईलवर चालणारी मोनोरेल घरी बनवू द्या. आठवी-नववीतल्या भावंडांना अब्बांची किंवा मामूंची थोडी मदत मिळाली की जमते.

रुळासाठी ॲल्युमिनियमचा चौकोनी पाईप घ्या. स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्याकडे त्याचे तुकडे मिळतात. गोल पाईप नको, गाडी त्यावरून कलंडते. वरच्या चाकाला पिवळी बीओ मोटर जोडा आणि दोन्ही बाजूंनी रुळाला टेकणारी छोटी चाकं बसवा. बॅटरीचे सेल दोन्ही कडांना, रुळाच्या खाली लोंबतील असे सारखे वाटा. वजन खाली राहिलं की गाडी आपोआप तोल धरते.

सगळे भाग आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. वजन ही मोनोरेलची जुनी दुखरी नस आहे. 19 ऑगस्ट 2025 ला मुंबईत भर पावसात गच्च भरलेली मोनोरेल चेंबूरजवळ उंचावरच थांबली. एमएमआरडीएने सांगितलं, क्षमता 104 टन, भार सुमारे 109 टन. त्यामुळे गाडीचा वीजपट्टीशी संपर्क तुटला. अग्निशमन दलाने शिड्या लावून शेकडो प्रवासी उतरवले.

आता रिमोट. ईएसपी-32 नावाचा छोटा बोर्ड आणि मोटर ड्रायव्हर बसवला की फोनवरून हुकूम जातो. पण हुकूम पोहोचलाच नाही तर? बहुतेक मुलं 'पुढे' आणि 'थांब' अशी दोन बटणं करतात. फोनची बॅटरी संपली की 'थांब' पोहोचत नाही आणि गाडी थेट जमिनीवर. म्हणून उलटं करा: बोट बटणावर असेपर्यंत फोन सारखा निरोप पाठवत राहील आणि अर्धा सेकंद निरोप आला नाही की गाडी स्वतःच थांबेल. शिवाय रुळाच्या दोन्ही टोकांना मोटरचा प्रवाह तोडणारा लिमिट स्विच हवाच. त्याला समांतर डायोड लावला की मागे येता येतं.

मोठी यंत्रंही अशीच सांभाळतात. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी दुर्बीण आहे. तिच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या जवळपास 25 किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत आणि त्या दुरूनच, खोडदच्या नियंत्रण कक्षातून फिरवतात. वारा फार वाढला की त्यांची तोंडं आकाशाकडे करून त्या स्थिर ठेवतात.

राष्ट्रीय विज्ञान दिनाला, 28 फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला प्रदर्शन भरतं. जुन्नर-आंबेगावच्या शाळांना ते जवळ. गाडी तिथे न्यायची असेल तर मात्र बिनतारी रिमोट घरीच ठेवा. आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओ लहरी ऐकणारी ती जागा, तिथे मोबाईलही बंद ठेवावा लागतो. लांब तार आणि दिशा बदलणारा साधा स्विच पुरतो. बीओ मोटरच्या ब्रशमधूनही बारीक ठिणग्या उडतात, त्यांचीही खरखर रेडिओवर येते. मोटरच्या दोन टोकांमध्ये '104' लिहिलेला सिरॅमिक कपॅसिटर डाग देऊन बसवला की ती बरीच कमी होते.