पडद्यामागची जमीन

मुंबईत वांद्रे पूर्वेला, कलानगरच्या परिसरात, १९७७ साली एक ड्राइव्ह-इन चित्रपटगृह सुरू झाले. उघड्या मैदानात उभारलेला प्रचंड पडदा, त्याच्यासमोर रांगांनी लावलेल्या मोटारी आणि मोटारीतच बसून चित्रपट पाहणारी कुटुंबे, असे त्याचे स्वरूप होते. सुमारे पाव शतक चालून नव्या शतकाच्या आरंभी ते बंद झाले. आज त्या परिसरात काचेच्या भिंतींची कार्यालये आणि एक भव्य व्यापारी संकुल उभे आहे. पन्नाशी ओलांडलेल्या अनेक मुंबईकरांना ते चित्रपटगृह आठवते; परंतु पडदा नेमका कोठे होता, हे आजच्या रस्त्यावर उभे राहून बोटाने दाखवणे त्यांनाही कठीण जाईल.

अशा नाहीशा झालेल्या जागा शोधून काढण्याचा छंद अमेरिकेतील शहरांतून पुष्कळ हौशी मंडळींना आहे. जुने नकाशे आणि हवाई छायाचित्रे ताडून ही मंडळी कोणत्या बाजारपेठेच्या खाली कोणते ड्राइव्ह-इन गाडले गेले याचा माग काढतात. पुरोगामी विचाराचा माणूस या छंदाकडे बहुधा उपेक्षेने पाहील, आणि त्याला तसे कारणही आहे. १९७७ साली मुंबईत ज्याच्या दारी स्वतःची मोटार होती असा वर्ग मूठभर होता. लोकलच्या दारात लोंबकळत कामावर जाणाऱ्या आणि दहा बाय बाराच्या खोलीत संसार करणाऱ्या बहुसंख्यांच्या जीवनात या चित्रपटगृहाला स्थान नव्हते. मूठभरांच्या करमणुकीचे एक ठिकाण गेले, तर त्यासाठी समाजवाद्याने अश्रू का ढाळावेत, हा प्रश्न रास्तच म्हटला पाहिजे. परंतु अश्रू बाजूला ठेवून हिशेब मांडायला बसले, तर याच चित्रपटगृहांच्या इतिहासात शहरी जमिनीच्या अर्थशास्त्राचा एक महत्त्वाचा धडा सापडतो.

ड्राइव्ह-इनचा जन्म अमेरिकेतला. न्यू जर्सी राज्यात कॅम्डेन शहरालगत रिचर्ड हॉलिंग्जहेड नावाच्या गृहस्थाने ६ जून १९३३ रोजी असे पहिले चित्रपटगृह उघडले. महामंदीचे ते दिवस. मोटारीमागे पंचवीस सेंट आणि माणसामागे पंचवीस सेंट असा दर होता; मात्र कुटुंब कितीही मोठे असले तरी एक डॉलरहून अधिक घेतला जात नसे. तान्ही मुले, म्हातारी माणसे, कामावरून मळक्या कपड्यांनी परतलेला कामगार, यांना बंदिस्त चित्रपटगृहात जाण्याचा जो संकोच वाटे तो येथे नव्हता. मोटार सर्वसामान्य कामगाराच्याही आवाक्यात आलेल्या त्या देशात ही कल्पना रुजली आणि १९५८ च्या सुमारास तेथे ड्राइव्ह-इन चित्रपटगृहांची संख्या चार हजारांवर गेली. आज ती तीनशेच्या आसपास उरली आहे.

या उदयास्ताचे वर्म त्या धंद्याच्या रचनेतच आहे. बंदिस्त चित्रपटगृहात हजार प्रेक्षक एका लहानशा भूखंडावर बसतात. ड्राइव्ह-इनला मात्र काही शे मोटारींसाठी दहा-पंधरा एकर जमीन लागते आणि उत्पन्न मिळते ते केवळ अंधार पडल्यानंतरच्या चार-पाच तासांत. इमारतीचा खर्च नगण्य, परंतु जमिनीची भूक मोठी. असा धंदा जेथे जमिनीला जवळजवळ काहीच खंड नाही अशाच ठिकाणी चालू शकतो. रिकार्डोने ज्या सीमांत भूमीचे विवेचन केले, तिचाच हा शहरी अवतार होय. म्हणूनच ही चित्रपटगृहे सर्वत्र शहराच्या वेशीवर उभी राहिली, आणि शहराची वेस पुढे सरकताच ती नाहीशी होऊ लागली. एका अर्थी ती वाढत्या शहराच्या हद्दीचे दगड होती.

आता वेस पुढे सरकते ती कोणाच्या पैशाने? अमेरिकेत १९५६ च्या महामार्ग कायद्याने देशभर रुंद रस्त्यांचे जाळे विणले गेले आणि आंतरराज्य महामार्गांच्या खर्चाचा नव्वद टक्के भार संघराज्याच्या तिजोरीने उचलला. रस्त्यामागोमाग उपनगरे आली, उपनगरांमागोमाग दुकाने आली, आणि काल ज्या शेताला कोणी विचारत नव्हते त्याची किंमत अनेक पटींनी वाढली. दूरचित्रवाणी आणि घरी चित्रपट दाखवणारी यंत्रे यांनी प्रेक्षक पळवले हे खरे. १९६६ च्या कायद्याने उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे नेण्याची प्रथा बहुतेक देशभर एकसारखी झाली. अंधार उशिरा पडू लागला आणि खेळ लांबणीवर गेले, हेही खरे. परंतु प्रेक्षक रोडावला नसता तरी वाढलेल्या खंडापुढे पडद्याचा टिकाव लागणे अवघड होते.

लॉस एंजेलिसमधील एका जागेची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. त्या शहराच्या पश्चिम भागात, पिको आणि वेस्टवुड या दोन रस्त्यांच्या चौकापाशी, १९३४ च्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियातील पहिले ड्राइव्ह-इन सुरू झाले. दहा वर्षांनी ते बंद पडले. १९८५ मध्ये तेथे एक मोठे व्यापारी संकुल उभे राहिले. पुढे दुकानांचे दिवस फिरले, आणि त्या वास्तूचे रूपांतर कार्यालयांत करण्यात आले. अखेर जानेवारी २०२४ मध्ये लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक विद्यापीठाने संशोधनकेंद्रासाठी ही मिळकत विकत घेतली. किंमत सुमारे सत्तर कोटी डॉलर. या खरेदीत राज्याच्या तिजोरीतील निधीचा मोठा वाटा होता. इमारतीची किंमत वजा केली तरी उरलेल्या रकमेत एका कोपऱ्यावरच्या जमिनीचे जे मोल आहे, ते रस्ते, शाळा, जलवाहिन्या आणि खुद्द त्या विद्यापीठाचे शेजारपण यांनी नव्वद वर्षांत निर्माण केलेले आहे. समाजाने स्वतःच निर्माण केलेले मूल्य समाजालाच रोख मोजून परत घ्यावे लागले. याच कॅलिफोर्नियात पत्रकारिता करणाऱ्या हेन्री जॉर्ज यांनी १८७९ साली आपल्या ग्रंथात नेमकी हीच विसंगती दाखवून दिली होती. जॉन स्टुअर्ट मिल यांनी तिला अनर्जित वृद्धी म्हटले होते.

वांद्र्याची कथा याहून वेगळी नाही. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची स्थापना १९७५ ची, आणि वांद्रे-कुर्ला संकुलाचे नियोजन त्याच्याकडे सोपवले गेले ते १९७७ साली, म्हणजे ड्राइव्ह-इनचा पडदा उभा राहिला त्याच वर्षी. मिठी नदीच्या काठची ती दलदलीची, खाजणाची जमीन होती. दक्षिण मुंबईतील कार्यालयांची गर्दी उपनगराकडे वळवावी या हेतूने सुमारे ३७० हेक्टर क्षेत्रावर भराव, रस्ते, पूल आणि गटारे यांचे काम सार्वजनिक यंत्रणेने केले. नदीचे पात्र आवळले गेले. जुलै २००५ च्या महापुरानंतर त्याची पुष्कळ चर्चाही झाली. पाहता पाहता वेशीवरची ही जमीन देशातील सर्वांत महाग जमिनींपैकी एक ठरली. ज्यांच्या हाती भूखंड होते त्यांनी कायद्याच्या चौकटीत राहून त्यांचा वापर बदलला असेल, तर व्यक्तिशः त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दोष आहे तो समाजाच्या श्रमाने आलेली वृद्धी खाजगी खात्यात जमा करणाऱ्या व्यवस्थेचा.

२०२१ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच परिसरातील व्यापारी संकुलाच्या गच्चीवर २९० मोटारींचे नवे ड्राइव्ह-इन सुरू झाले, तेव्हा मुंबईचा हरवलेला वारसा परत आला असे त्याचे कौतुक झाले. पण काय परत आले आणि काय गेले हे नीट पाहिले पाहिजे. पडदा परत आला. मैदान मात्र कायमचे गेले. जमिनीचा खंड इतका चढला आहे की करमणुकीला आता भुईवर जागा उरलेली नाही. खालच्या प्रत्येक चौरस फुटाने भाडे कमवावे आणि पडद्याने त्याच्या डोक्यावर बसावे, अशी ही तडजोड आहे.

येथे एक प्रामाणिक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. रात्री चार तास चालणाऱ्या खेळासाठी एवढी जमीन अडवून ठेवणे हा अपव्यय नाही काय? त्याच जागी कार्यालये आली, हजारो नोकऱ्या आल्या. हा अधिक कार्यक्षम वापर नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. शहर बदलते आणि जमिनीचे वापरही बदलले पाहिजेत. परंतु हा बदल कोणत्या निकषावर व्हावा? बाजारातील बोली ही गरजेची मोजणी करीत नाही, ती क्रयशक्तीची मोजणी करते. घर हवे असणाऱ्या लाखो कुटुंबांची बोली त्या लिलावात ऐकूच येत नाही. शिवाय मोकळ्या जमिनीचे काही उपयोग असे असतात की ते कोणत्याच हिशेबवहीत चढत नाहीत. दक्षिण कॅलिफोर्नियातील अनेक ड्राइव्ह-इन मैदानांत दिवसा जुन्या वस्तूंचे बाजार भरू लागले, आणि स्थलांतरित कुटुंबांना थोड्या भांडवलावर धंदा मांडण्यासाठी ती हक्काची जागा झाली. अहमदाबादेत १९७३ साली सुरू झालेल्या ड्राइव्ह-इनमध्ये ६६५ मोटारींची सोय होती. पण ज्यांच्याकडे मोटार नाही अशा प्रेक्षकांनाही तेथे बसता येत असे. त्या शहरातील एका हमरस्त्याने तेच नाव धारण केले.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला तर उघड्यावरच्या पडद्याची ओळख कितीतरी जुनी आहे. जत्रेच्या मैदानात तंबू पडे, जमिनीवर बसून शेतकरी आणि शेतमजूर एकाच पडद्याकडे पाहत, आणि जत्रा उठली की मैदान पुन्हा गावाचे होई. करमणूक आली म्हणून जमीन कोणाच्या खिशात गेली नाही. शहरांनी हा साधा शहाणपणा गमावला.

जमिनीच्या वाढत्या मूल्यात समाजाचा वाटा असावा, हा विचार परका किंवा अव्यवहार्य मानण्याचे कारण नाही. मुंबई इलाख्याचा १९१५ चा नगररचना कायदा परकीय सरकारने केलेला. पण योजनेमुळे वाढलेल्या किमतीचा काही हिस्सा जमीनमालकाकडून वसूल करण्याची तरतूद त्यात होती. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमातही नगररचना योजनेतील वाढीच्या निम्म्यापर्यंत वसुली करता येते. तत्त्व पुस्तकात राहिले. मुंबईच्या मोक्याच्या जमिनींना ते लागले नाही. १९७६ च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याने मुंबईत मोकळ्या जमिनीची मर्यादा ५०० चौरस मीटर ठरवली. त्या कायद्याला पळवाटा होत्या आणि सवलतींचा सुळसुळाट झाला. तरीही मृणालताई गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नागरी निवारा परिषदेने गोरेगावात याच कायद्याच्या आधाराने लढा देऊन सुमारे सहा हजार कुटुंबांची घरे उभी करून दाखवली. कायदा राबवण्याची इच्छा असेल तर काय घडू शकते, याचे हे उदाहरण. २००७ मध्ये महाराष्ट्राने तो कायदाच मोडीत काढला.

गिरण्यांच्या जमिनींचा अनुभवही तोच. १९९१ च्या नियमांनी त्या जमिनींची तीन भागांत वाटणी ठरवली: एक भाग मैदाने-उद्यानांना, एक गृहनिर्माणाला, एक मालकाला. २००१ मध्ये ही वाटणी केवळ आधीच मोकळ्या असलेल्या जागेपुरती आकुंचित करण्यात आली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तिच्यावर शिक्कामोर्तब केले. शेकडो एकरांतून शहराच्या वाट्याला तुकडे आले. कोणत्या गिरणीचे आवार कोठपर्यंत होते, हे आज तरुण मुंबईकराला ठाऊक नसते. जेथे काय होते हे ठाऊक नसते, तेथे काय गेले याचा जाब कोणी विचारीत नाही.

म्हणूनच हरवलेल्या जागा शोधणाऱ्या हौशी मंडळींच्या छंदाला सार्वजनिक कामाचे मोल आहे. मिळकत पत्रिका मालक कोण ते सांगते. त्या जमिनीवर पूर्वी काय चालत होते, वापर केव्हा आणि कोणाच्या आदेशाने बदलला, कोणत्या अटी घातल्या गेल्या आणि त्या पाळल्या गेल्या की नाही, हे नागरिकाला एका ठिकाणी वाचायला मिळत नाही. महापालिकांनी प्रभागवार अशी नोंदवही ठेवावी आणि ती प्रत्येकाला पाहण्यासाठी खुली असावी. मैदाने, चित्रपटगृहे, गिरण्या, तबेले, मिठागरे, सर्वांची नोंद तीत असावी. वापरबदलाची प्रत्येक परवानगी देताना आधीची आणि नंतरची किंमत रेडी रेकनरच्या दराने मांडावी, आणि वाढीचा निश्चित हिस्सा त्याच प्रभागातील परवडणारी घरे आणि खेळाची मैदाने यांसाठी राखून ठेवावा. १९१५ साली जे तत्त्व परकीय सरकारला मान्य झाले, ते स्वराज्यात मागणे हा अतिरेक ठरू नये.

वांद्र्याचे ते चित्रपटगृह मोटारवाल्यांचे होते. पण त्याच्या भोवतीचा भराव, रस्ते आणि पूल सर्वांच्या पैशाने झाले, आणि त्यांनी चढवलेल्या किमतीत सर्वांचा वाटा होता. तो मागण्यासाठी आधी पडदा कोठे होता हे नकाशावर दाखवता आले पाहिजे. मुंबईच्या वेशी आता पनवेल, कर्जत आणि विरारच्या पलीकडे सरकत आहेत. तेथील माळ, गायराने आणि जत्रेची मैदाने अजून शाबूत आहेत, तोवरच त्यांच्या नोंदी झाल्या पाहिजेत.