पाणी किती मिनिटांत पोहोचेल, ते आम्हाला सांगा

प्रति,
जलसंपदा विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई

विषय : धरणफुटीचे पूरनकाशे आणि इशाऱ्याची वेळ

महोदय,

धरण सुरक्षा कायदा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. जुन्या धरणांचे आपत्कालीन कृती आराखडे करायला त्याने पाच वर्षे दिली, म्हणजे ही मुदत २०२६ सरता सरता संपते. देशातली सर्वाधिक मोठी धरणे आपल्या राज्यात, तेव्हा सर्वाधिक आराखडेही आपल्याच टेबलावर. ते वेळेत पुरे होतील की नाही, याची मला तेवढी काळजी नाही. मुदत जवळ आली की फायली हलतात. माझे मागणे त्यातल्या एका आकड्यापुरते आहे. धरण फुटल्यावर पाणी अमुक वाडीत किती मिनिटांत पोहोचेल? हा आकडा वाडीवाडीसमोर लिहिलेला हवा आणि माणसे कधी हलवायची ते त्यावरून ठरायला हवे.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. भेंदवाडी धरणाच्या अगदी खाली. वीसहून अधिक माणसे वाहून गेली. अशा वाडीला भोंग्याचा काय उपयोग? भोंगा वाजून माणूस जागा होऊन पोरांना घेऊन दाराबाहेर पडेपर्यंत पाणी आलेले असते. तिथे इशारा द्यायचा क्षण फुटीच्या कितीतरी आधीचा होता. धरणाला गळती आहे हे गावकरी सांगत होते, तोच तो क्षण. (नंतर एका मंत्र्यांनी खापर खेकड्यांवर फोडले. खेकड्यांची बाजू कुणी ऐकून घेतली नाही.) ज्या वाडीसमोर नकाशात दहा मिनिटे लिहिलेली असतील, तिथे भरावातून गढूळ पाणी पाझरताना दिसले की त्याच संध्याकाळी लोकांना हलवले पाहिजे. पाहणी करून अहवाल येईपर्यंत थांबायची सोय तिथे नाही. जिथे तीन तास लिहिलेले असतील, तिथला नियम वेगळा असेल. आज मात्र गळतीची तक्रार दुरुस्तीच्या फायलीत जाते आणि पूरनकाशा आपत्ती व्यवस्थापनाच्या. या दोन फायली एकमेकींना भेटतच नाहीत.

पुण्याला तर तास मिळाले होते. १२ जुलै १९६१ च्या आदल्या रात्री पानशेत धरणाच्या विमोचकावरचा, म्हणजे पाणी सोडायच्या मार्गावरचा, भराव खचत होता आणि जवान वाळूची पोती रचत होते. धोका आहे हे धरणावरच्या माणसांना दिसत होते. सकाळी पानशेत फुटले, दुपारी त्या लोंढ्याने खडकवासला फोडले. एवढा अवधी मिळूनही नदीकाठच्या पेठांतले बरेच लोक पाणी दारात आल्यावरच पळाले.

त्या दिवसाने आणखी एक गोष्ट दाखवली : वरचे धरण फुटले की खालचे वाचतेच असे नाही. आज खडकवासल्यात जेमतेम दोन टीएमसी पाणी मावते आणि त्याच्या वर पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून सत्तावीस टीएमसी उभे असते. पुण्यासाठी नुसती खडकवासला फुटीची आकडेमोड करून भागणार नाही. वरचे एक धरण फुटले आणि खालचे आधीच काठोकाठ आहे, असे धरून गणित मांडलेले हवे, तेही भर पावसातल्या रात्रीचे.

आता या गणिताविषयी. संगणकाला भगदाडाची रुंदी आणि ते पडायला लागणारा वेळ आपणच सांगतो. मातीचे धरण अर्ध्या तासात कापले गेले असे धरले की एक लोंढा येतो, तीन तास धरले की दुसराच, बराच बुटका. त्यामुळे नकाशावर एकच ठाम रेषा आखणे हे धाडस आहे. लवकरची वेळ आणि उशिराची वेळ, दोन्ही छापाव्यात आणि माणसे हलवताना लवकरचीच धरावी. दुसरी अडचण जमिनीची. फुकट मिळणारी उपग्रहाची उंचीची माहिती बहुधा तीस मीटरच्या चौकोनांची असते. कोकणातला पऱ्या, म्हणजे ओढा, दहा-वीस मीटर रुंद! तो त्या चौकोनात विरघळून जातो. झाडांचे शेंडे आणि घरांची छपरे जमीन म्हणून मोजली जातात ती वेगळीच. उंचीतली दोन-चार मीटरची चूक अख्खी वाडी कोरडी दाखवू शकते. वस्तीच्या वरची लहान धरणे निवडून तिथे विमानातून किंवा ड्रोनने लेसर मोजणी करायला हवी, नदीचे काटछेद नव्याने घ्यायला हवेत. शिवाय लोंढा निव्वळ पाण्याचा नसतो. त्यात माती, धोंडे, उन्मळलेली झाडे असतात. झाडे पुलाखाली अडकली की पूल काही वेळ बंधारा होतो, मग तोही सुटतो. पूल मोकळा धरून काढलेला नकाशा पुलाच्या वरच्या वस्तीला खोटा दिलासा देतो.

हे सगळे तपासता येते. तिवऱ्याला पाणी कुठवर चढले याच्या खुणा लोकांनी पाहिल्या आहेत. जी पद्धत राज्यभर वापरणार आहात, तीच तिवऱ्यावर आणि १९६१ च्या पुण्यावर चालवून पाहा. जुळते का ते जाहीर करा. जुळले नाही तर किती चुकले तेही.

नकाशे जाहीर करण्यावरच नेमके घोडे अडते. घबराट पसरेल, जमिनीचे भाव पडतील, बांधकामवाले ओरडतील, ही कारणे मी ऐकून आहे. पण माहिती दडवून पाणी थांबत नाही. २५ जुलै २०२४ च्या पहाटे पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले तेव्हा धरण फुटले नव्हते. पाऊस होता आणि खडकवासल्यातून विसर्ग सोडला होता. इतक्या क्युसेकने विसर्ग, असा संदेश वाचून तळमजल्यावरच्या माणसाने काय समजायचे? त्याला गाडी काढायची की आजीला वरच्या मजल्यावर न्यायचे, हे कळायला हवे. लाल आणि निळ्या पूररेषा आहेत, पण त्या पुराच्या. धरणफुटीचे पाणी त्या रेषांचा मुलाहिजा ठेवत नाही.

म्हणून विनंती अशी, की प्रत्येक धरणाचा नकाशा खालच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मराठीत रंगवावा. पाण्याची खोली, पोहोचायची मिनिटे, वर चढायची वाट आणि गळती दिसली तर रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा, एवढे त्यावर असावे. फोन घेणाऱ्याला वस्ती हलवण्याचा आदेश स्वतः देण्याचा अधिकार असावा, वरून परवानगी येईपर्यंत त्याला थांबावे लागू नये. आणि जे पाझर तलाव, गावतलाव कायद्याच्या उंचीत बसत नाहीत म्हणून आराखड्यातून सुटतात, त्यांच्यातले वस्तीच्या डोक्यावरचे तेवढे तरी मृद व जलसंधारण विभागाशी बोलून या यादीत घ्यावेत.

पहिली यादी येत्या पावसाळ्याआधी निघावी. सुरुवात चिपळूण तालुक्यापासून केलीत तर बरे.

आपला,
मुठेकाठचा एक रहिवासी