पांढरी पाटी, पिवळी पाटी

१ मे १९९९ ला झालेल्या आपल्या हिंगोली जिल्ह्याला विमानतळ नाही. जवळचा म्हणजे नांदेडचा. दिवाळीला विमानाने कुणी यायचं ठरलं की घरात सुरू होतं, "गाडी बघा रे ओळखीतली, स्वस्तात!" आणि ठरते पांढऱ्या पाटीची.

मला हे अजिबात पटत नाही. खाजगी गाडी भाड्याने दिली की विम्याची अट मोडते. कळमनुरीच्या अलीकडे काही झालं तर कंपनी भरपाई नाकारू शकते. मग वाचवलेले पाचशे काय कामाचे?

स्वतः चालवायची भाड्याची गाडी (काळी पाटी, पिवळी अक्षरं) आपल्याकडे सहज का दिसत नाही? १९८९ च्या रेंट-अ-कॅब योजनेत परवान्यालाच किमान ५० गाड्या लागतात. लहान गावात एवढ्या कोण पोसणार!

माझं म्हणणं, हिंगोलीचीच पिवळी पाटी सांगा. जाताना रिकामी कशाला, नांदेडला दवाखान्याचं काम असलेला शेजारी बसवा, भाडं वाटून घ्या. आणि गाडी चार दिवस ठेवू नका. दारात उभी असली तरी रोजचे किमान किलोमीटर लागतात, वर ड्रायव्हरचा भत्ता. औंढ्याला दर्शनाला एस.टी. आहेच की. दाजींना एस.टी. चालत नाही म्हणे... मग भत्ता दाजींनी द्यावा!