मेलेली कोकरं कुठल्या कॉलममध्ये?

‘वीस मेंढ्या, एक नर, दोन वर्षांत लखपती!’ हा व्हिडिओ तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. मागे ड्रोनने टिपलेला गोठा, पुढे गॉगल लावलेला माणूस आणि पडद्यावर गुणाकार. मला या गुणाकाराविरुद्ध बोलायचंय. आधीच कबूल करतो, असाच एक गुणाकार मीही केला होता.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. घर बारामतीच्या जिरायती पट्ट्यात, सुप्याच्या बाजूला. आजोबा दिवाळी झाली की वाडा घेऊन कोकणात उतरायचे. वडिलांनी मेंढरं विकली आणि एमआयडीसीत नोकरी धरली. लॉकडाऊननंतर मला हुक्की आली आणि मी वीस मेंढ्या परत दारात आणल्या. वीस अधिक एक हा आकडा सरकारच्या महामेष योजनेतला. पैसे मात्र माझेच. गाभणकाळ सुमारे १५० दिवस, म्हणजे दोन वर्षांत तीन वेतं. वीस गुणिले तीन, साठ कोकरं. एक्सेल शीट इतकी देखणी झाली की मी ती भावकीच्या ग्रुपवरही टाकली.

दिवाळीनंतर मेंढ्या व्यायला लागल्या. अठरा व्याल्या, एकीला जुळं झालं, एकूण एकोणीस कोकरं. संक्रांतीला तेरा उरली होती.

सहा कशी गेली ते सांगतो, कारण व्हिडिओत ते कुणी सांगत नाही. एक मागच्या पायांनी आलं आणि अडकलं. एका पहिलारू मेंढीने पिल्लाला जवळच घेतलं नाही. आईने त्या अडकून गेलेल्या कोकराची जार या पिल्लाच्या अंगाला चोळली आणि पिल्लू मोकळ्या झालेल्या मेंढीखाली लावून पाहिलं. तिने हुंगलं आणि ढुशी मारली. एका मेंढीची कास दगडासारखी झाली होती, तिचं उपाशी गेलं. एक कुत्र्याने नेलं. आणि दोन एकाच रात्री थंडीने.

कोकरू ओलं जन्मतं. आईची रोगप्रतिकारक शक्ती त्याला पोटात असताना मिळत नाही, ती चिकातूनच मिळते. म्हणून पहिल्या काही तासांत ते उभं राहायला हवं, सड सापडायला हवा आणि चीक पोटात जायला हवा. नाही जमलं तर कुणीतरी जागं असावं लागतं. त्या रात्री मी रिलीजच्या कॉलवर होतो. आईचे तीन मिस्ड कॉल पडले होते. मी उलटा फोन लावला तेव्हा तिने दोन्ही कोकरं गोणपाटात गुंडाळून चुलीपाशी घेतली होती. बोट तोंडात घालून पाहिलं तर तोंड आतून गार, म्हणाली.

त्या शनिवारी मी तिला शीट दाखवली. तिने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “आरं, मेल्याली कुठं मांडलीत?”

ऑफिसात हे सांगितलं की लगेच तोडगे येतात. कॅमेरा बसव. बसवला. आता मला पुण्यात बसून कोकरू गारठताना दिसतं, एवढाच फरक. दुसरा तोडगा जुळ्यांचा. इथून जवळच, फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गारोल मेंढीचं जुळ्यांचं जनुक दख्खनी मेंढीत आणलं. काम अस्सल आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते त्यातला फक्त ‘दोन’ हा आकडा उचलून विकणाऱ्यांशी. ते जनुक मेंढीची बीजांडं वाढवतं, कासेतलं दूध वाढवत नाही. दोन कोकरांना पुरेल एवढं दूध चाऱ्यातून येतं, आणि आमच्याकडे चारा म्हणजे बागायतीतून विकत आणलेली उसाची वाढी. त्यांनी पोट भरतं, कास भरत नाही. मी पाहिलेले बरेच व्हिडिओवाले तर कोकरं विकतच नाहीत. ते गाभण मेंढ्या विकतात आणि प्रशिक्षणाची फी घेतात. कोकरू मरतं तुमच्या दारात.

आणि रात्रीचं काय? माझ्या कंपनीत सर्व्हर पडेल म्हणून फोन उशाशी ठेवणाऱ्याला भत्ता मिळतो, सर्व्हर पडला नाही तरी. मी शीटमध्ये आईच्या चाळीस रात्री धरल्या. आमच्याकडे बाईची दिवसाची हजेरी ३०० रुपये आहे, तीच लावली. १२,००० झाले. मेलेली सहा वजा केली, खुराक आणि लसी खऱ्या भावाने टाकल्या, आणि पहिल्या वर्षाचा नफा संपला. म्हणजे तो नफा कधी नव्हताच. ती आईची झोप होती. वर ‘घरच्या घरी, मजुरी शून्य’ म्हणून पाठ थोपटून घ्यायची! हे शून्य नेहमी घरातल्या बाईच्याच नावावर का पडतं, हे त्या गॉगलवाल्याला कुणी विचारत नाही.

मेंढरं पाळू नका असं मी म्हणत नाही. माझी अजून आहेत. यंदा नर वेगळा ठेवून सव्वा महिनाच कळपात सोडला, म्हणजे वेतं लांबणार नाहीत. पहिलारूंसाठी बाजूला फळ्यांचे कप्पे केलेत. पण माझी ती जुनी शीट अजून फिरतेय. मध्यंतरी एका अनोळखी ग्रुपवर ती मलाच फॉरवर्ड होऊन आली, वर ‘शंभर टक्के खात्रीशीर’ असं कुणीतरी जोडलं होतं. इंदापूर तालुक्यातल्या माझ्या चुलतभावाने तीच पाहून वहिनीच्या दागिन्यांवर कर्ज काढलं आणि वीस मेंढ्या घेतल्या. त्याला नवी शीट पाठवली. त्याने लिहिलं, “दादा, आता काय उपयोग, पैसे गेलेत.”

त्याच्या मेंढ्या डिसेंबरात व्यायच्या आहेत. मी बारा दिवसांची रजा टाकलीय. कारणाच्या रकान्यात ‘घरी बाळंतपण’ लिहिलं. मॅनेजरने अभिनंदन केलं.