नुसत्या वॉर्निंग आहेत, एरर नाही!

महाराष्ट्रातल्या कित्येक अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आजही टर्बो सी++ची निळी खिडकी उघडते. बोर्लंड कंपनीनं प्रोग्रॅम लिहिण्याचं हे साधन १९९० साली डॉसवरच्या संगणकांसाठी काढलं. सी++चं पहिलं प्रमाणीकरण झालं १९९८ साली. म्हणजे आपण मुलांना जी सी++ शिकवतो, ती प्रमाण भाषा ठरण्याच्या आधीची आहे! आजच्या संगणकावर हे साधन सरळ चालतही नाही; डॉसबॉक्स टाकून ते जगवावं लागतं. जीसीसी हा कंपायलर १९८७ पासून फुकट मिळतो, त्यामुळे पैशाची सबबही आपल्याकडे नाही.

तरी जुनं साधन एक वेळ सोसता येईल. जुन्या साधनावरही उत्तम शिकवता येतं, शिकवायची इच्छा असेल तर. टर्बो सी++मधला इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायची जागा, सोळा बिटांचा असतो. त्यात जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. ४०,००० ठेवायला जा, पडद्यावर उणे २५,५३६ उमटतात. संगणक आकडे कसे साठवतो हे समजावण्याची याहून चांगली संधी शिक्षकाला मिळणार नाही. अशा वेळी एखादी मुलगी विचारते, ‘सर, हे उणे कुठून आलं?’ आणि तिला उत्तर मिळतं, ‘परीक्षेत एवढे मोठे आकडे येत नाहीत. पुढचं उतरवून घे.’ त्या एका उत्तरात आपण एक अभियंता मारून टाकतो. मग ती जर्नल उतरवते, सबमिशन करते, ओरलला पाठ केलेली व्याख्या म्हणते आणि पास होते. प्रोग्रॅम कंपाइल करताना वॉर्निंगची रांग लागली तर शेजारचा सांगतो, ‘नुसत्या वॉर्निंग आहेत, एरर नाही, चालतंय.’ माझ्या मते अख्ख्या अभ्यासक्रमात आपण मनापासून शिकवतो ते एवढंच एक वाक्य.

मोठे आकडे परीक्षेत येत नसतील, जगात येतात. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातल्या कुरू तळावरून युरोपचं एरियान ५ रॉकेट पहिल्यांदा उडालं आणि सुमारे चाळीस सेकंदांत फुटलं. दिशादर्शक यंत्रणेतला चौसष्ट बिटांचा एक आकडा सोळा बिटांच्या पूर्णांकात कोंबला जात होता. तो मावला नाही. तो कोड एरियान ४मधून जसाच्या तसा उचललेला होता. तिथे तो चालत होता, आणि नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त असूनही त्याच्या मार्गावर त्या कोडची कसोटी कुणी घेतली नाही. भाषा कोणती होती? एडा, सुरक्षित प्रणालींसाठी मुद्दाम घडवलेली. कोणती भाषा श्रेष्ठ यावर रात्र रात्र भांडणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनी हे लक्षात ठेवावं. माझंही मत आहे: जी भाषा चूक कंपाइल होतानाच अडवते ती मला जवळची वाटते, आणि स्मृती सांभाळण्याची सगळी जबाबदारी माणसावर टाकणाऱ्या सीमध्ये आज नवं काम सुरू करताना तसंच सबळ कारण हवं. पण न समजता उतरवलेल्या ओळीपासून कुठलीही भाषा वाचवत नाही.

त्या उड्डाणात माणसं नव्हती. ब्रिटनच्या टपाल खात्यात होती. फुजित्सूनं पुरवलेली होरायझन ही हिशेबाची प्रणाली तिथे १९९९ पासून बसवली गेली, आणि तिच्या चुकांमुळे उपडाकपालांच्या हिशेबात न झालेली तूट दिसू लागली. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक जणांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरवण्यात आलं. काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. संगणक बरोबरच चालतो असं न्यायालयं गृहीत धरत होती, आणि प्रणालीत दोष आहेत हे ज्यांना माहीत होतं त्यांनी तोंड उघडलं नाही. त्या शिक्षा रद्द करायला २०२४ साली संसदेला कायदा करावा लागला.

आपल्याकडे रेशन, पेन्शन, शिष्यवृत्ती, पीकविमा, सगळं आता पडद्यावरून जातं. हे कोड लिहिणारे हात आपल्याच प्रयोगशाळांतून घडतात. वर्गात ज्याचा प्रश्न दाबला, तो कंपनीत ‘हे चुकतंय’ म्हणून उभा राहील ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडानं करतो? आणि दोष एकट्या शिक्षकाचा नाही. अंतिम वर्षाचे तयार प्रोजेक्ट विकत मिळतात, कारण घेणारे आहेत. पैसे बाप देतो, सही गाइड करतो, बाह्य परीक्षक चहा पिऊन गुण देतो. घरी मुलाला पॅकेज विचारतात. तू काय बनवतोस, ते कुणाच्या हातात जातं, हे कुणी विचारत नाही. कंपनीत मुदत जवळ आली की सर्वांत आधी टेस्टिंगचे दिवस कापले जातात. आता तर एआय क्षणात कोड लिहून देतो. जो वाचून, तपासून, आपल्या जबाबदारीवर घेतो त्याला तो मोठा आधार आहे. जर्नल उतरवून पदवीधर झालेल्याला उतरवण्याचं आणखी एक ठिकाण.

यंदाच्या ओरलला बसणाऱ्या बाह्य परीक्षकांकडे माझी सरळ मागणी आहे. व्याख्या विचारू नका. विद्यार्थ्याच्याच प्रोग्रॅममधली एक ओळ बदला आणि आता काय होईल ते विचारा. इंग्रजीत अडला तर मराठीत सांगू द्या. स्वतःची चूक शोधून दाखवणाऱ्याला पूर्ण गुण द्या. आणि ज्याला स्वतःच्या प्रोग्रॅममधली एकही ओळ समजावता येत नाही, त्याला नापास करा, मग महाविद्यालयाच्या निकालाची टक्केवारी कितीही खाली येवो.