घरचें आरोग्य : न मिटणारा डोळा

चूळ भरतांना पाणी ओठांच्या एका कोपऱ्यांतून गळावें, एक डोळा मिटेनासा व्हावा, कीं घरांत घाबरगुंडी उडते. आयुर्वेदांतील ‘अर्दिता’चाच हा प्रकार, १८२१ सालीं चेहऱ्याच्या मज्जातंतूचें विवेचन करणाऱ्या चार्ल्स बेल यांचें नांव पाश्चात्य वैद्यकानें त्यास दिलें. बहुतेक रोगी कांहीं आठवड्यांत वा महिन्यांत बरे होतात; पण ७२ तासांच्या आंत स्टेरॉइड सुरू झाल्यास गुण अधिक. म्हणून कासूच्या मंडळींनीं पेण-रोह्यास जाण्यास विलंब लावूं नये. हातपाय लुळावल्यास तर क्षणाचाहि नाहीं. दिवसा डॉक्टरांनीं दिलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्रीं मलम घालून व पापणी नीट मिटवून वर चिकटपट्टी, महामार्गाच्या धुळींत चष्मा, एवढें व्रत पाळावेंच. वांकडें तोंड बहुधा सरळ होतें. कोरड्या बुबुळावर पडलेलें फूल सहजीं जात नाहीं.