साथीच्या दिवसांत मन ताळ्यावर ठेवा



कपाशीवर चार मावे दिसले म्हणून आपण लगेच पंप पाठीवर घेत नाही. आधी शेतात फिरतो, ठिकठिकाणची झाडे पाहतो, किडीने आर्थिक नुकसानीची पातळी गाठली आहे का ते ठरवतो आणि मगच फवारतो. माणसांत साथ आली की मात्र ही शिस्त आपण विसरतो. कानावर येईल ते खरे धरतो आणि हातपाय गाळतो.

2020 साल आठवा. 30 जानेवारीला देशातला पहिला कोरोना रुग्ण केरळात आढळला. लगोलग कोंबडीच्या मांसातून कोरोना होतो, ही अफवा मोबाईलवरून गावोगाव पोचली. तिच्यात तथ्य नव्हते, पण मागणी पडली आणि भाव कोसळले. ब्रॉयलर पक्षी 40-42 दिवसांत विक्रीला येतो. पुढे ठेवला तर खाद्याचा खर्च चढतच जातो. अनेकांनी पक्षी मातीमोल विकले, काहींनी फुकट वाटले. महाराष्ट्रातले पहिले रुग्ण 9 मार्चला पुण्यात सापडले. म्हणजे रोग येण्याआधी भीतीनेच खुराडी रिकामी केली होती. 2022 मध्ये लम्पी पसरला, तेव्हाही काही घरांनी दूध बंद केले. वास्तविक तो रोग माणसाला होत नाही आणि उकळलेले दूध निर्धोक असते.

भीतीने पैसा जातो तसा जीवही जातो. कोरोनाच्या काळात कित्येक गावांनी वेशीवर काटे टाकले. आजाऱ्याच्या घराकडे लोक संशयाने पाहू लागले. मग ताप आलेला माणूस ताप लपवू लागला आणि दवाखाना गाठायला उशीर झाला. आजाऱ्याला वेगळे झोपवा, पण वाळीत टाकू नका. ताटाबरोबर दोन धीराचे शब्दही द्या.

थोडी काळजी वाटणे वाईट नाही, त्यामुळे माणूस सावध राहतो. ती वाढू नये म्हणून एवढे करा. बातम्या सकाळ-संध्याकाळ एकेकदाच ऐका. मोबाईलवर आलेला निरोप आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारल्याशिवाय पुढे पाठवू नका. गोठा, पाणी, जेवण, झोप यांच्या वेळा मोडू नका. काम चालू असले की मन भरकटत नाही. छातीत धडधडू लागले तर ओट्यावर टेकून बसा, नाकाने सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. असे पाच मिनिटे करा. भीती घालवायला तंबाखू किंवा दारू जवळ करू नका. मुलांसमोर मेलेल्यांचे आकडे मोजत बसू नका. त्यांना कळेल एवढे खरे सांगा.

ताप उतरत नसेल, धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर ती नुसती भीती समजून घरी बसू नका, डॉक्टरांना दाखवा. दोन आठवडे झोप नाही, अन्न गोड लागत नाही, नको ते विचार येतात, असे झाले तर त्यावरही उपचार आहेत. सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक गोठ्याच्या खांबावर खडूने लिहून ठेवा.

पुढच्या अंकात गोचीड निर्मूलनाविषयी पाहू.